आधी कागदावरचा ‘कॉस्मेटिक’ हा शब्द बदलून घ्या

या आठवड्यात एकाच पत्राला उत्तर देतेय, कारण त्यातला प्रश्न बऱ्याच घरांत आहे आणि तो मोठ्यानं विचारला जात नाही. पत्र थोडं आटोपशीर करून देते.

“आदरणीय ताई, मी तासगाव तालुक्यातली, वय ४८. आमची द्राक्षबाग आहे. २०१७ मध्ये माझ्या डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं, त्याच वेळी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, पुढे केमो आणि रेडिएशनचे पंचवीस शेक घेतले. देवाच्या कृपेनं त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. पण दोनेक वर्षांपासून ती बाजू दगडासारखी घट्ट झालीय, वर ओढली गेलीय. त्या कुशीवर झोपता येत नाही. बागेत मांडवाखाली हात वर करून घड विरळायचे म्हटलं की अर्ध्या तासात कळ येते. डॉक्टर म्हणतात, पुन्हा ऑपरेशन लागेल. तीन ठिकाणी विचारलं. मिरजेत १ लाख ६५ हजार, पुण्यात २ लाख ९५ हजार, मुंबईत ४ लाख ६० हजार. एकाच कामाला इतका फरक कसा? पुण्याच्या हॉस्पिटलनं विमा कंपनीला कागद पाठवले, तर ‘कॉस्मेटिक सर्जरी, देय नाही’ असं उत्तर आलं. पॉलिसी २०१३ पासूनची, ५ लाखांची, कधी खंड पडू दिला नाही. यंदा अवकाळीनं बागेचं नुकसान झालंय. हॉस्पिटल म्हणतं, बिनव्याजी हप्ते करून देतो. मिस्टर म्हणतात, लेकीच्या लग्नाची एफडी मोडू. माझी बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे हे सगळं विम्यातून मिळतं. आणि सासूबाई म्हणतात, या वयात आता कुणाला दाखवायचंय? खरं सांगते, कधी कधी मलाही तसंच वाटतं. तिन्ही कोटेशनचे आणि नकाराच्या मेलचे फोटो जोडलेत.”

प्रिय ताई,

सासूबाईंच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की पैशांच्या प्रश्नाच्या तळाशी तेच बसलंय. तुम्ही लिहिलंय की झोप लागत नाही आणि मांडवाखाली हात वर राहत नाही. यात दाखवण्याचं काय आहे? गुडघा आखडला असता तर घरात कुणी म्हटलं असतं का, की या वयात कुणाला चालून दाखवायचंय? तुमच्या शरीरात आठ-नऊ वर्षांपूर्वी एक वस्तू बसवली, ती कॅन्सरच्या उपचाराचा भाग म्हणून. शरीर अशा वस्तूभोवती एक पातळ आवरण तयार करतं. सगळ्यांच्याच बाबतीत करतं. काहींचं ते आवरण आवळत जातं, आणि शेक घेतलेल्या छातीत हे घडण्याची शक्यता बरीच जास्त असते. डॉक्टर त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. बेकर नावाच्या मोजणीत त्याच्या चार पायऱ्या आहेत. चौथीत भाग कडक, दुखरा आणि आकार बदललेला असतो. तुमचं वर्णन तिथलंच वाटतं, पण पायरी तुमच्या सर्जननं तपासून ठरवायची. म्हणजे तुम्ही मागताय ते २०१७ च्या उपचाराचं राहिलेलं काम. त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नका.

आता विमा कंपनीच्या मेलकडे येते. मी बावीस वर्षं एका हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेविका होते. माझं टेबल बिलिंग खिडकीच्या शेजारी होतं, आणि त्या खिडकीवर मी एका शब्दापायी घरं हलताना बघितलीत. पंढरपूरकडच्या एक बाई होत्या, त्यांची गोष्ट तुमच्यासारखीच. विम्याचा नकार आला, त्या काही न बोलता गावी गेल्या आणि दोन म्हशी विकून पैसे घेऊन आल्या. त्यांची फाइल मी नंतर उघडली. आमच्याच हॉस्पिटलच्या फॉर्मवर कुणीतरी ‘इम्प्लांट बदलणे, कॉस्मेटिक’ एवढंच लिहिलं होतं. कॅन्सर हा शब्द अख्ख्या फॉर्मवर नव्हता. मी ती फाइल आठ दिवस आधी उघडायला हवी होती. ते आजही मला बोचतं, म्हणून तुम्हाला इतकं सविस्तर लिहितेय.

तुमच्या पुण्याच्या कोटेशनचा फोटो मोठा करून पाहा. वरच्या ओळीत प्रोसीजरच्या नावापुढे तोच शब्द आहे. विमा कंपनीच्या टेबलावरच्या माणसानं तुम्हाला पाहिलेलं नाही, त्यानं कागद पाहिला. कागदावर कॉस्मेटिक असं लिहिलंय, म्हणून त्यानं कॉस्मेटिकचं कलम लावलं.

आणि ते कलम नीट वाचलं तर ते तुमच्याच बाजूचं आहे. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०१९ मध्ये सगळ्या आरोग्य पॉलिसींमधल्या वगळण्याच्या कलमांची भाषा एकसारखी केली. त्यातलं आठव्या क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत ते ‘एक्सेल ०८’ अशा सांकेतिक नावानं सापडेल. त्याचा आशय असा: रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेसाठी ती केली असेल तर हे लागू नाही. शिवाय आरोग्याला थेट धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं प्रमाणित केलं असेल तरीही लागू नाही. कॅन्सर हा शब्द त्या कलमातच छापलाय, ताई. बहुतेक लोक पहिली अर्धी ओळ वाचून पुस्तिका मिटतात.

बहीण सांगते ते तिच्या देशापुरतं बरोबर आहे. अमेरिकेत १९९८ चा एक कायदा आहे. ज्या विमा योजना स्तन काढण्याचा खर्च देतात त्यांना पुनर्रचनेचा, दुसरी बाजू जुळवून घेण्याचा आणि नंतरच्या गुंतागुंतीचाही खर्च द्यावा लागतो. आपल्याकडे एवढा स्पष्ट, वेगळा कायदा नाही. आपल्या हातात ही कलमाची ओळ आहे, आणि ती नीट वापरली तर पुरेशी ठरते.

तेव्हा आता हप्ते, एफडी, सगळं बाजूला ठेवा आणि सर्जनकडून एक पत्र घ्या. पाठवणीच्या चिठ्ठीसारखं दोन ओळींचं नको. त्यात २०१७ चं निदान, स्तन काढल्याची आणि त्याच वेळी पुनर्रचना केल्याची तारीख, रेडिएशन झाल्याचा उल्लेख, आज दिसणारी कॉन्ट्रॅक्चरची पायरी, दुखणं किती काळापासून आहे, खांद्याची हालचाल किती अडते, झोपेवर काय परिणाम होतो, गोळ्या आणि फिजिओथेरपी करून पाहिली का, हे सगळं हवं. शेवटी स्पष्ट वाक्य हवं, की ही शस्त्रक्रिया कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेतली गुंतागुंत दूर करण्यासाठी आहे आणि ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. खोटं किंवा फुगवलेलं काही लिहायला सांगू नका. त्याची गरजच नाही. जोडीला २०१७ ची डिस्चार्ज समरी, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, रेडिएशनचं कार्ड आणि आत्ताची सोनोग्राफी किंवा एमआरआय लावा. मांडवाखालचं दुखणं डॉक्टरांना सांगितलंय का तुम्ही? आपल्या बायका डॉक्टरसमोर ‘थोडं दुखतं’ एवढंच म्हणतात आणि डॉक्टर तेवढंच लिहितो. द्राक्षाच्या कामाला दिवसाचे किती तास हात डोक्याच्या वर असतो ते त्यांना सांगा. ते पत्रात आलं पाहिजे.

त्या शब्दाचा आणखी एक चटका तुमच्या पुण्याच्या कागदावर आहे. खाली १८ टक्के जीएसटी लावलाय, ४५ हजार रुपये. हॉस्पिटलच्या उपचारांवर एरवी जीएसटी नसतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर तो लागतो. तुमचं काम उपचाराचं आहे, तेव्हा डॉक्टरचं नवं पत्र घेऊन बिलिंग खात्यात जा आणि ही ओळ कोणत्या आधारावर लावली ते लेखी विचारा. कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचं कोटेशन त्या ओळीशिवाय नव्यानं करून मागा.

आता तीन गावांचे तीन भाव. मी तिन्ही फोटो शेजारी ठेवून वाचले. ताई, हे एका ऑपरेशनचे तीन भाव नाहीत. ही तीन वेगळी ऑपरेशनं आहेत.

मिरजेच्या कागदावर तळाला बारीक अक्षरांत ‘इम्प्लांट वेगळे’ असं आहे. पॅथॉलॉजीचा उल्लेख नाही. पुण्याच्या कागदात डाव्या बाजूचं जुनं इम्प्लांट काढणं, आवरण काढणं आणि नवं इम्प्लांट, त्याची किंमत ६५ हजार धरून, हे सगळं आहे. पण त्यात उजव्या, निरोगी बाजूचं उचलून घेण्याचं ऑपरेशनही आहे, त्याचे ६० हजार. सगळं मिळून अडीच लाख, वर जीएसटी. आता हिशेब करा. पुण्याच्या अडीच लाखांतून उजवी बाजू वगळली तर राहतात १ लाख ९० हजार. मिरजेच्या १ लाख ६५ हजारांत तसंच इम्प्लांट मिळवलं तर होतात २ लाख ३० हजार. म्हणजे तुम्हाला स्वस्त वाटलेलं मिरज डाव्या बाजूपुरतं पुण्याहून महाग पडतंय. माझा मिरजेवर राग नाही. तिथलं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉन्लेस साहेबांच्या काळापासून ते गाव डॉक्टरकीचं, अजूनही कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट येतात. घराजवळ ऑपरेशन झालं तर ड्रेनची नळी असताना दोनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास टळतो, टाके बघायला जाणं सोपं होतं, आणि घरातलं माणूस दोन्हीकडे पुरतं. या सगळ्याला किंमत आहे. पण मिरजेच्या सर्जनकडून पुन्हा, सगळं धरून कोटेशन घ्या. मगच दोन कागद शेजारी ठेवता येतील.

मुंबईचा कागद मात्र वेगळाच आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्यात नवं इम्प्लांट नाहीच. तिथल्या सर्जननं पाठीचा स्नायू आणि त्यावरची कातडी पुढे आणून स्वतःच्याच मांसानं छाती भरण्याचं ऑपरेशन लिहिलंय. ते जास्त तास चालतं, मुक्काम लांबतो, पाठीवर वेगळी जखम होते. म्हणून आकडा मोठा. पण शेक घेतलेल्या जागेत पुन्हा इम्प्लांट बसवलं तर ते पुन्हा आवळण्याचा धोका राहतो. म्हणूनच असे पेशंट आले की बरेच प्लास्टिक सर्जन स्वतःच्या शरीरातल्या मांसाचा पर्याय पुढे ठेवतात, पाठीचा किंवा पोटाचा. दोन लाख आज घातले आणि सहा वर्षांनी पुन्हा तेच करावं लागलं, तर स्वस्त काय होतं? याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तुमची कातडी हातानं बघणाऱ्यानंच द्यायचं. पण हा प्रश्न मिरजेच्या आणि पुण्याच्या सर्जनला तोंडावर विचारा: “शेक घेतलेल्या छातीत तुम्ही पुन्हा इम्प्लांट का सुचवताय?” चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. उलट तो खुर्ची पुढे ओढून समजावतो.

तिसरा रस्ता कुणी तुमच्यापुढे ठेवलेला दिसत नाही, म्हणून मी ठेवते. इम्प्लांट आणि आवरण काढायचं, आणि आत काहीच घालायचं नाही. बाहेरून ब्रामध्ये सिलिकॉनचा किंवा कापसाचा प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम स्तन, वापरायचा. खर्च सगळ्यात कमी, पुन्हा ऑपरेशनची टांगती तलवार नाही, दुखणं जातं. अनेक बायका हे निवडतात आणि समाधानानं राहतात. काहींना ते नको असतं. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही ठरवा, पण पैसे नाहीत म्हणून नाइलाजानं हा रस्ता धरू नका, आणि कुणी सांगितलं नाही म्हणून तो सोडूही नका.

इम्प्लांटबद्दल थोडं थांबते. २०१७ मध्ये तुम्हाला एक कार्ड दिलं असेल, त्यावर कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. कपाटातल्या फाइलीत शोधा. नाही सापडलं तर मुंबईच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्याला अर्ज करा. ऑपरेशनच्या नोंदीत त्याचा स्टिकर लावलेला असतो. हे कार्ड दोन कारणांनी हवंय. एक म्हणजे, अॅलर्गन कंपनीनं तिची बायोसेल नावाची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली. त्यांचा संबंध आवरणात होणाऱ्या एका दुर्मीळ कॅन्सरशी, लिम्फोमाशी, आढळला होता. घाबरू नका. त्रास नसेल तर ती काढायलाच हवीत असं त्या वेळी अमेरिकेच्या नियामकानंही सांगितलं नव्हतं. पण तुमचं इम्प्लांट त्यातलं असेल तर सर्जनला ते आधीच माहीत हवं. आणि कुठल्याही कंपनीचं असलं तरी, ती बाजू अचानक सुजली किंवा आत पाणी साठल्यासारखं वाटलं, तर पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका, लगेच सोनोग्राफी करा. काढलेलं आवरण पॅथॉलॉजीला जाईल ना, आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय ना, हेही विचारा.

दुसरं कारण पैशांचं. बऱ्याच इम्प्लांट कंपन्या फाटलेलं इम्प्लांट बदलून देण्याची हमी देतात, काहींची हमी ठरावीक वर्षांपर्यंत कॉन्ट्रॅक्चरलाही लागू असते. ऑपरेशनचा खर्च त्यात सहसा येत नाही, पण ६५ हजारांची वस्तू फुकट मिळाली तरी खूप झालं. हमी कार्डाशिवाय मागता येत नाही.

नवं इम्प्लांट घ्यायचंच ठरलं तर आणखी एक गोष्ट. २०१७ मध्ये सरकारनं हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली, ते तुम्हाला आठवत असेल. स्तनाच्या इम्प्लांटला तशी मर्यादा नाही. पण पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि त्याहून जास्त कुणी घेऊ शकत नाही. मिरजेत, पुण्यात, मुंबईत पाकीट तेच असतं. गाव बदललं की बदलतं ते खोलीचं भाडं, ओटीचे तास, भूलतज्ज्ञाची आणि सर्जनची फी. आणि यातली मेख अशी की बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग वाढला की बाकीचेही दर वाढतात. तीच टेबलं, तेच दिवे, तेच डॉक्टर, पण सिंगल रूम घेतली म्हणून सर्जनची फीसुद्धा जास्त. मुंबईचं कोटेशन सिंगल रूमचं आहे. दोघींच्या खोलीचं मागा, आकडा बराच खाली येईल.

खोलीचा विम्याशीही संबंध आहे. तुमची पॉलिसी जुनी आहे, तिच्यात बहुधा खोलीभाड्याला दिवसाला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असेल, म्हणजे ५ हजार. पुस्तिकेत बघा. समजा तुम्ही ९ हजारांची खोली घेतली. कंपनी वरचे ४ हजार तर कापतेच, शिवाय सर्जन, भूल, ओटी अशा खर्चांनाही पाच-नवमांश लावते. त्यांचं बिल १ लाख ८० हजार असेल तर हातात १ लाख. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटच्या किमतीला मात्र ही कात्री लावता येत नाही. ही ८० हजारांची खोच डिस्चार्जच्या दिवशी कळते, आणि तेव्हा पेशंट व्हीलचेअरवर बसलेला असतो. म्हणून मर्यादेत बसणारी खोली आधीच लिहून घ्या.

उजव्या बाजूचं कामही वेगळ्या कोटेशनवर लिहून घ्या. ते तुम्हाला हवं असेल तर जरूर करा, जुळलेलं शरीर हवंसं वाटणं यात काही वावगं नाही. पण विमा कंपनी त्यावर वाद घालण्याची शक्यता जास्त, आणि दोन्ही एकाच कागदावर असले की त्या वादात डावी बाजूही अडकते.

नव्या पत्रासह पुन्हा कॅशलेसचा अर्ज करायला सांगा. तरी नकार आला तर खचू नका. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. ऑपरेशन करून सगळी बिलं लावून नंतर परतफेड मागता येते. नकार आला की तो कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मेल करा, त्यात कलमातली कॅन्सरची ओळ जशीच्या तशी उतरवून द्या. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाका. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. सांगली जिल्हा पुण्याच्या लोकपालांकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत अर्ज चालतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘आधीपासूनचा आजार’ असं कुणी म्हणालं, तर तुमची पॉलिसी २०१३ ची आणि आजार २०१७ चा. शिवाय सलग पाच वर्षं हप्ता भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, आजार लपवला अशा कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही.

आता हातातल्या पैशांचं. ‘बिनव्याजी हप्ते’ घेण्याआधी हॉस्पिटलला एकच विचारा: रोख भरले तर किती? रोखीत १५-२० हजार कमी होत असतील तर तेच व्याज, फक्त आधी मोजलेलं. वर प्रोसेसिंग फी, कधी गळ्यात मारलेला एखादा विमा. कर्ज देणाऱ्यानं सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सही करण्याआधी द्यायचं असतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ते हातात आल्याशिवाय सही नको, आणि रिसेप्शनच्या टॅबवर ओटीपी देणं तर अजिबात नको.

एफडी मोडू नका. तिच्यावरच कर्ज काढा. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात आणि ठेव जागेवर राहते. विम्याची परतफेड आली की फेडून टाका. लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलं असेल तर तो निर्णय पुन्हा तपासा. ती मोठी आहे. आईच्या ऑपरेशनपेक्षा लग्नाचा हॉल मोठा असं ती म्हणणार नाही.

विमा अगदीच हुकला तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती ठरलेल्या पॅकेजांवर चालते, म्हणून योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तुमच्या ऑपरेशनचं नेमकं नाव दाखवा आणि ते यादीत बसतं का विचारा. हेल्पलाइन १५५३८८. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम हेही आहेतच. तिथे रांग लागते, पण खर्चाचा मोठा भाग वाचतो. धर्मादाय रुग्णालयांत वर्षाला ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सवलतीत आणि १ लाख ८० हजारांच्या आत असलेल्यांना मोफत उपचारांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. यंदाच्या नुकसानीनंतर तुम्ही त्यात बसत असाल तर संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. बसत नसाल तर कमी उत्पन्नाचा दाखला ‘करून देणारा’ कुणी भेटेल, त्याच्या नादी लागू नका.

आणि मुंबईत जावं लागलंच तर लॉजवर पैसे घालू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी कॅन्सरच्या पेशंटच्या किती पिढ्या सांभाळल्यात. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी चौकशी करा.

सूज, पाणी, ताप, कातडी लाल होणं यातलं काही नसेल तर हे ऑपरेशन दोन-तीन महिने पुढे ढकलता येतं का, ते सर्जनला विचारा. ढकलता येत असेल तर बेदाण्याचे सौदे होऊन पैसे हातात येईपर्यंत थांबा. तेवढ्यात पत्रं, कोटेशनं, विम्याची दुसरी फेरी, सगळं होऊन जाईल. बहुतेक पॉलिसींत ऑपरेशनच्या आधीच्या तीस आणि नंतरच्या साठ दिवसांचा संबंधित खर्चही मिळतो, म्हणून सोनोग्राफीपासूनची सगळी बिलं एका पिशवीत ठेवत जा. ऑपरेशननंतर काही आठवडे हात डोक्यावर नेता येणार नाही, तेव्हा बागेच्या कामाचा हंगाम बघूनच तारीख ठरवा.

मिरजेला नवं पत्र आणायला जाल त्या दिवशी सासूबाईंनाही सोबत घेऊन जा. डॉक्टर तपासतील तेव्हा त्यांना आत बोलवा आणि ती बाजू त्यांना हातानं बघू द्या. त्यांनी ती कधी पाहिली नसेल.

तुमची,
ताई